विश्लेषण : साठीच्या उंबरठ्यावर जोडीने धावायचे आहे, पण वेग जुळत नाही? मग ‘एकत्र’ धावायचे कसे?

मुले मोठी झाली, निवृत्ती आली, डॉक्टरांनी ‘व्यायाम वाढवा’ असे बजावले... अशा टप्प्यावर अनेक जोडपी सकाळी एकत्र बाहेर पडतात. पण काही दिवसांतच एक जण पुढे निघून जातो आणि दुसरा घरी राहतो. असे का होते, संशोधन काय सांगते, कोणती काळजी घ्यायची आणि घड्याळाची एक साधी युक्ती कशी उपयोगी पडते, याविषयी...

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने सकाळी सहाच्या सुमारास फेरी मारली, तर एक दृश्य हमखास दिसते. नवरा पुढे, बायको मागे. थोड्या वेळाने तो थांबतो, मागे वळून पाहतो आणि हाताने ‘चल, चल’ अशी खूण करतो. ती जवळ पोहोचेपर्यंत त्याची धाप बसलेली असते. तो पुन्हा निघतो. तिला मात्र थांबायला मिळतच नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये या दृश्यात माझे आई-बाबा होते. बाबा ६० वर्षांचे, ऑक्टोबरअखेर निवृत्त झालेले, बारा वर्षांपासून मधुमेह. आई ५७ वर्षांची. लग्नाला ३१ वर्षे झाली. शाळा सुटल्यापासून दोघेही बस पकडण्यापुरतेच धावले होते. निवृत्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात बाबांनी बुटांचे दोन जोड आणले. त्यानंतर तीन आठवड्यांनी आईने तिचा जोड परत खोक्यात ठेवला. ‘एकतीस वर्षं ह्यांच्या मागनं चाललेय, आता पळायचं पण मागनंच?’ असे ती मला फोनवर म्हणाली. बाबांचे म्हणणे होते, ‘अगं, मी तर तिच्यासाठी दर दोन मिनिटांनी थांबत होतो.’ दोघेही खरेच बोलत होते.

यंदा जानेवारीत दोघांनी पुन्हा सुरुवात केली. आज पाच महिने झाले, ते आठवड्यातून तीन दिवस धावत आहेत. मधल्या काळात काय बदलले?

जोडीने सुरुवात केली तर सवय टिकते का?

टिकण्याची शक्यता वाढते, असे उपलब्ध अभ्यास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांची माहिती तपासली. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचा जोडीदार हालचाल वाढवतो, त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश जण स्वतःही व्यायामाला लागले. ज्यांचा जोडीदार बसूनच राहिला, त्यांच्यात हे प्रमाण साधारण एकचतुर्थांश होते. नवरा आणि बायको दोघांच्याही बाबतीत चित्र जवळपास सारखेच होते.

त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षभराच्या व्यायाम कार्यक्रमात आलेल्या विवाहित लोकांचा अभ्यास केला होता. एकट्याने आलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी वर्षभरात कार्यक्रम सोडला. जोडीने आलेल्यांमध्ये हे प्रमाण ६.३ टक्के होते. हा अभ्यास लहान होता, त्यामुळे आकडे तंतोतंत धरून चालणार नाही. शिवाय जी जोडपी मुळातच एकमेकांच्या कलाने घेतात, तीच जोडीने नाव नोंदवतात, असेही असू शकते. तरीही कल स्पष्ट आहे. सकाळी साडेपाचला उठवणारे माणूस शेजारीच असेल तर दांडी मारणे अवघड जाते.

नात्यावर परिणाम होतो का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये यावर गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केले. काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून त्यांना गुडघ्यांवर रांगत, हात न लावता एक उशी चटईपलीकडे न्यायला लावली. इतरांना साधे, कंटाळवाणे काम दिले. नवे आणि थोडे दमवणारे काम एकत्र केलेल्या जोडप्यांनी आपल्या नात्याबद्दल नंतर जास्त समाधान नोंदवले. त्यामुळे धावण्यातला ‘नवेपणा’ आणि ‘दमणे’ या दोन्ही गोष्टी इथे उपयोगी पडू शकतात. अट एकच, त्यातून रोज भांडण होता कामा नये.

दोघांचा वेग जुळत का नाही?

कारण शरीरे वेगळी आहेत. धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर दमसास ठरतो. याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन सरासरीने कमी असते, हृदयाचा आकार लहान असतो आणि वजनाच्या तुलनेत स्नायूंचे प्रमाण कमी असते. त्यामुळे उत्तम तयारीच्या धावपटूंमध्येही स्त्री-पुरुषांच्या वेगात साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक राहतो. याशिवाय उंची, वजन आणि जुन्या सवयींचाही परिणाम होतो. बायको रोज चालणारी आणि नवरा बैठ्या कामाचा असेल, तर उलटे चित्रही दिसते.

वयाचाही वाटा असतो. व्यायाम न करणाऱ्या माणसाची ही क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी घटते. व्यायामाने ही घट थांबत नाही, पण मंदावते आणि सुरुवात उशिरा केली तरी काही क्षमता परत मिळते.

महत्त्वाचा मुद्दा असा की, वेग सारखा असला तरी मेहनत सारखी नसते. ताशी ७ किलोमीटरच्या आसपास बाबा आरामात बोलू शकत होते. त्याच वेगाला आईला तीन शब्द सलग बोलता येत नव्हते. म्हणजे बाबांसाठी जो फेरफटका होता, ती आईसाठी शर्यत होती. बाबांनी वेग कमी करून तिच्यासोबत धावायचे ठरवले असते, तर त्यांचा व्यायाम झाला नसता. दोघांनी बरोबरीने धावायचा हट्ट धरला की एकाची दमछाक होते आणि दुसरा कंटाळतो.

मग ‘एकत्र’ धावायचे कसे?

मी इंजिनीअरिंग शिकले आणि नोकरी बातम्यांची करते. त्या पदवीचा घरात झालेला पहिला उपयोग बहुधा हाच असावा. दोघांनी अंतर ठरवायचे नाही, वेळ ठरवायची. एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघायचे, आपापल्या वेगाने जायचे आणि ठरलेल्या मिनिटाला, जिथे असू तिथून, मागे वळायचे.

उदाहरण घेऊ. बाबांचा वेग मिनिटाला १२० मीटर, आईचा १०० मीटर. वळण १५ व्या मिनिटाला. तोपर्यंत बाबा १,८०० मीटरवर असतील, आई १,५०० मीटरवर. दोघेही त्याच क्षणी वळले की आई आपोआप ३०० मीटर पुढे येते आणि बाबा मागे पडतात. परतीच्या वाटेवर बाबा दर मिनिटाला २० मीटर अंतर कमी करत येतात. ३०० भागिले २०, म्हणजे १५ मिनिटे. दोघेही ३० व्या मिनिटाला निघालेल्या जागीच भेटतात. वेग कोणताही धरा, उत्तर तेच येते. अट इतकीच की जाताना आणि येताना प्रत्येकाने आपला वेग सारखा ठेवावा. जाताना जोर लावून येताना थकणाऱ्याला हे गणित लगेच पकडते, त्यामुळे बेताने सुरुवात करण्याची शिस्तही लागते.

यात कुणी कुणासाठी थांबत नाही, ‘चल, चल’ म्हणत नाही. दोघांची मेहनत सारखी आणि वेळही सारखा. शिवाय अर्धा वेळ हळू धावणारी व्यक्ती पुढे असते.

गोल मैदान किंवा बागेतला ट्रॅक असेल तर दुसरा पर्याय आहे. एकमेकांच्या उलट दिशेने धावायचे. एक किलोमीटरच्या फेरीत वरच्याच वेगाने दोघे साधारण दर साडेचार मिनिटांनी समोरासमोर येतात. मात्र काही ट्रॅकवर एकाच दिशेने धावण्याचा नियम असतो, तो पाळावा. तिसरा पर्याय आणखी सोपा आहे. पहिली आणि शेवटची पाच-दहा मिनिटे सोबत चालायचे, मधला वेळ आपापला. गप्पा चालताना होतात.

सुरुवात किती आणि कशी करावी?

पहिल्याच दिवशी ‘एक फेरी तरी पूर्ण पळूया’ हा उत्साह घातक ठरतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. स्नायूबंध आणि हाडांना मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस अंतर वाढवत जातो आणि पोटरी किंवा टाच दुखावते.

यावर जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे धावणे आणि चालणे आलटून पालटून करणे. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रमही याच धर्तीचा आहे. विशेष म्हणजे तो त्यांनी आपल्या पन्नाशी ओलांडलेल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून तयार केला होता. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही तो स्वीकारला.

त्याचा पहिला आठवडा असा असतो : आधी पाच मिनिटे झपझप चालणे. मग ६० सेकंद हळू धावणे, ९० सेकंद चालणे, असे एकूण २० मिनिटे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. पुढे धावण्याचे टप्पे वाढत जातात आणि शेवटी ३० मिनिटे सलग धावता येते. नऊ आठवड्यांचे बंधन मानायची गरज नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. आई-बाबांनी प्रत्येक आठवडा दोनदा केला. १८ आठवडे लागले, पण कुणाला दुखापत झाली नाही. धावा-चालाची सूचना देणारा गजर दोघांच्या फोनवर एकाच वेळी लावला, की वळणाची युक्तीही यात बसते.

वेग किती असावा? धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. घड्याळातील नाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नये. कमाल नाडीसाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सांगितले जाते. ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे दुसरे सूत्रही वापरात आहे. ६० वर्षांच्या माणसासाठी पहिले १६० सांगते, दुसरे १६६. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळी सुरू असेल तर नाडी मुळातच कमी राहते, तेव्हा ही सूत्रे लागूच पडत नाहीत.

एकूण व्यायाम किती हवा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे दमवणारा व्यायाम करावा. सोबत किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम हवेत. तीन दिवसांचे अर्ध्या तासाचे धावणे यात बसते. ताकदीच्या व्यायामाला मात्र अनेकजण बगल देतात. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीवर टाचा उचलणे, भिंतीला टेकून जोर काढणे एवढ्यानेही सुरुवात होते.

डॉक्टरांकडे आधी कुणी जावे?

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच धावणार असाल तर दोघांनीही. विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकाराचा इतिहास, धूम्रपान किंवा कुटुंबात कमी वयात हृदयविकार असेल तर तपासणी टाळू नये. रक्तदाब, ईसीजी आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलवरची चाचणी डॉक्टर सांगतात. जुना मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा आणि तळपायाची संवेदनाही तपासून घ्यावी. पायाला बधिरपणा असेल तर बुटातला खडाही कळत नाही आणि जखम चिघळते.

धावताना छातीत दुखणे किंवा दाब जाणवणे, जबड्यात वा हातात कळ येणे, घेरी, छातीत धडधड, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि उशीर न करता रुग्णालय गाठावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नये.

मधुमेहींसाठी आणखी एक धोका असतो, साखर एकदम खाली येण्याचा. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना तो जास्त असतो. फेब्रुवारीत हे आमच्या घरी घडले. बाबा पहाटे काही न खाता निघाले होते. १२ व्या मिनिटाला दोघेही आपापल्या जागेवरून वळले. टॉवर जवळ आला तरी मागून पावलांचा आवाज आला नाही, तेव्हा आईला शंका आली. ती मागे फिरली. बाबा कठड्यावर बसले होते. दरदरून घाम, हात थरथरत होते आणि काय होतेय ते त्यांना नीट सांगता येत नव्हते. आईच्या ड्रेसच्या खिशात साखरेची पुडी होती. पंधरा मिनिटांत ते सावरले. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले आणि डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले.

सर्वसाधारण नियम असा आहे : अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाआधी ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी एखादे केळे किंवा तेवढेच पिष्टमय काही खावे. ७० च्या खाली गेली किंवा लक्षणे दिसली तर साधारण तीन चहाचे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजूनही कमी असेल तर पुन्हा घ्यावी. औषधाचे प्रमाण स्वतःहून बदलू नये. साखर, फोन आणि आजाराची नोंद असलेली चिठ्ठी दोघांकडेही असावी, कारण धावताना दोघे शेजारी नसतात. आमच्या घरचा नियम आता ठरलेला आहे. भेटण्याच्या वेळेनंतर पाच मिनिटे वाट पाहायची, मग शोधायला निघायचे.

गुडघे झिजतील का?

ही भीती घरोघरी असते. उपलब्ध पुरावा मात्र दिलासा देणारा आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज आढळली. बैठ्या लोकांमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के होते, तर स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. म्हणजे बेताने धावणे गुडघ्यांचे शत्रू नाही, अति धावणे त्रासदायक ठरू शकते. ज्यांचे गुडघे चांगले असतात तेच धावत राहतात, हाही या आकड्यांमागचा एक भाग आहे. त्यामुळे आधीच झीज झालेल्यांनी, सूज येणाऱ्यांनी किंवा वजन खूप जास्त असलेल्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. अशांसाठी झपझप चालणे हाही पुरेसा व्यायाम आहे.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो. म्हणून पावले छोटी आणि वारंवार टाकावीत. बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी.

ज्याविषयी बायका बोलत नाहीत, ते काय?

आईने बूट खोक्यात ठेवले, त्यामागे दुसरेही कारण होते. ती घरात ‘गुडघा दुखतोय’ म्हणत होती. डिसेंबरमध्ये मी घरी गेले तेव्हा तिने खरे सांगितले. धावताना थेंब थेंब लघवी होत होती. बाबांना सांगायची लाज वाटत होती आणि त्यांची ‘चल, चल’ची खूण दिसली की रडू येत होते. हे लेखात लिहू का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘लिही. माझ्यासारख्या किती असतील, त्यांना कळू दे.’

खोकताना, शिंकताना, उडी मारताना किंवा धावताना लघवी गळणे ही बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात अनेक स्त्रियांना होणारी तक्रार आहे. ओटीपोटाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडल्याने ती होते. वयाचा भाग म्हणून ती सोसण्याची गरज नाही. पहिला उपचार व्यायामाचाच असतो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे. किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून योग्य स्नायू आवळला जातोय ना, हे एकदा पाहून घ्यावे. आईचा त्रास पूर्ण गेलेला नाही, पण खूप कमी झाला आहे. पहिले काही आठवडे ती फक्त चालली आणि बाबांनाही तिने कारण सांगितले. त्यानंतर बाबांनी एकदाही मागे वळून हात केलेला नाही.

पाळी गेल्यानंतर हाडांची घनता वेगाने घटते. वजन पेलणारे व्यायाम आणि ताकदीचे व्यायाम हाडांना उपयोगी असतात. मात्र हाडे आधीच ठिसूळ झाली असतील, पूर्वी सहज अस्थिभंग झाला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावू नये.

घरी परतल्यावरचा तास कुणाचा?

जोडीने धावण्याचे गणित रस्त्यावर सुटले तरी स्वयंपाकघरात अडकू शकते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. म्हणजे सकाळचा एक तास दोघांनीही दिला तरी त्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

नोव्हेंबरमध्ये आई पाच वाजता उठून पोळ्यांची कणीक भिजवायची, भाजी चिरायची आणि मग बाहेर पडायची. परत आल्यावर बाबा पंख्याखाली पेपर घेऊन बसायचे आणि आई घामेजलेल्या कपड्यांतच चहा टाकायची. बाबा निवृत्त झाले होते, आई नव्हती. जानेवारीत पुन्हा सुरुवात करताना तिने एकच अट घातली : धावण्याच्या दिवशी चहा-नाश्ता तुमच्याकडे. पहिल्या दिवशी पोहे चिखल झाले. आता ते मोकळे होतात, असे आई सांगते. बाबांच्या मते ते पहिल्या दिवसापासून चांगलेच होते.

सुरुवात करू पाहणाऱ्या जोडप्यांनी बुटांच्या आधी हे ठरवावे. सकाळची कामे कोण करणार, नातवंडांना शाळेला कोण सोडणार, घरात आजारी वडीलधारे असतील तर त्या वेळेत त्यांच्याजवळ कोण थांबणार. यातले काहीच न ठरवता ‘आपण दोघं रोज जाऊ’ असे म्हटले, तर पहिली दांडी कुणाची पडेल हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

शर्यतीत उतरावे का?

ध्येय असले तर सराव टिकतो, त्यामुळे हरकत नाही. पण सुरुवात छोट्या अंतराने करावी. दर जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी दौड असते. २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाटातून चढते. ती बघायला जरूर जावे, पहिली शर्यत म्हणून मात्र निवडू नये. २१ किलोमीटर आणि घाट, यासाठी किमान वर्षभराचा नियमित सराव हाताशी हवा.

या विषयावर बोलताना बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव निघतेच. साठी ओलांडलेल्या करे आजारी पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन स्पर्धेत धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावरील चित्रपट २०२० मध्ये आला आणि त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. त्यांच्या जिद्दीला दाद द्यावीच, पण ती पळण्याची वेळ त्यांच्यावर गरजेने आणली होती. तपासण्या, बूट आणि हळूहळू वाढवलेला सराव ज्यांना परवडतो, त्यांनी अनवाणी धावण्याचे अनुकरण करू नये.

पावसाळ्यात काय करावे?

खंड पडण्याचा सर्वांत मोठा धोका याच काळात असतो. शेवाळलेल्या फरशा आणि साचलेल्या पाण्याखालचे खड्डे पन्नाशीनंतर महागात पडतात, कारण पडल्यावर मनगट किंवा खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. जोराच्या पावसात बाहेर धावण्याऐवजी जिना, घरातल्या घरात जागच्या जागी चालणे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. उघडीप मिळाली की डांबरी, सपाट, वाहने कमी असलेला रस्ता निवडावा, उजळ रंगाचे कपडे घालावेत. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर जिथे थांबलो त्याच्या दोन आठवडे मागून सुरुवात करावी.

कोल्हापुरात जूनपासून पाऊस धरतो. आई-बाबांनी आमच्या इमारतीचा जिना मोजून ठेवला आहे, चार मजले, ७२ पायऱ्या. चढण्याचा वेग दोघांचा वेगळा आहे, म्हणून इथेही वेळच ठरवली आहे. दोघे खालून एकत्र निघतात, गजर झाला की जिथे असतील तिथून वळतात. मागच्या रविवारी गजर झाला तेव्हा बाबा चौथ्या मजल्यावर होते आणि आई तिसऱ्या. ती आधी खाली आली आणि वर पाहून ओरडली, ‘अहो, सावकाश या, पायरी ओली आहे.’